दोन फोनांपैकी एक

टेलिफोन ही निवडून घ्यायची वस्तू असते, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळले. तो मिळायचा असे. अर्ज करावा, अनामत भरावी, वर्षे मोजावीत आणि एके दिवशी खात्याचा माणूस काळे, जड यंत्र आणून भिंतीजवळच्या स्टुलावर ठेवून जाई. त्याचा रंग कोणता, घंटा कशी वाजते, असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी देशातले पहिले भ्रमणध्वनी-संभाषण केले, त्याला २०२५ साली तीस वर्षे झाली. एवढ्या काळात न मिळणारी वस्तू अशी झाली, की ती घेताना माणसाची झोप उडावी. ('भ्रमणध्वनी' हा शब्द मला मनापासून आवडतो. परंतु तो उच्चारला की ऐकणारा किंचित हसतो, म्हणून यापुढे 'फोन'च म्हणतो.)

बोईसरला ही झोप उडालेली माणसे पुष्कळ दिसतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपली, की कामगारांचे लोंढे स्टेशनच्या दिशेने येतात. वाटेवर फोनची दुकाने इतकी, की चहाची टपरी शोधावी लागते. पंचविशीतली मुले काचेला नाक लावून उभी असतात. ऐंशी हजारांचा फोन मासिक हप्त्यावर मिळतो. हप्त्याचा आकडा मोठा लिहिलेला असतो, हप्ते किती ते बारीक. या मुलांना उपदेश करण्याचा मोह मी आवरतो. दिवसभर रसायनांच्या वासात उभे राहणाऱ्याने एखादी सुंदर वस्तू हातात धरावी असे म्हटले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु ज्या खरेदीबद्दल मी लिहितो आहे, तिची जातकुळी वेगळी होती.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मूळचे वसईचे, पण तीसएक वर्षे बोईसरला. एका कारखान्यात भांडारपाल होते. इकडे सारे त्यांना 'स्टोअरवाले' म्हणतात. पिंप कोणते, पोते कोणते, कोणत्या तारखेचा माल कोणत्या कोपऱ्यात, हे त्यांना झोपेतही सांगता येई. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना आपण चालताना दाराच्या चौकटीला धडकतो असे वाटू लागले. चष्म्याचा नंबर बदलला असेल, मोतीबिंदू असेल, अशी समजूत करून घेण्यात वर्ष गेले. निघाला काचबिंदू.

या आजाराचा स्वभाव चोराचा आहे. दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब बहुधा वाढलेला असतो, तो मागच्या चेतातंतूला हळूहळू मारीत जातो आणि दृष्टी कडेकडेने खाल्ली जाते. समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसत असते, म्हणूनच रोग्याला उशिरा कळते. गेलेले परत येत नाही. थेंब घालून, प्रसंगी शस्त्रक्रिया करून, उरलेले राखता येते एवढेच. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, घरात कोणाला हा आजार असेल तर अवश्य, असे डॉक्टर सांगतात ते यासाठी. स्टोअरवाल्यांनी मला एकदा वर्तमानपत्राची सुरळी करून दिली आणि म्हणाले, "यातून बघा फादर, म्हणजे मला काय दिसते ते कळेल." मी पाहिले. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळातले काटे दिसले, भिंत दिसली नाही.

एके संध्याकाळी कारखान्यात बाजूने येणारी हातगाडी त्यांना दिसली नाही. इजा झाली नाही, पण त्यांनी स्वतःच ठरवले की ज्या जागेत आम्लाची पिंपे उभी असतात तिथे असा माणूस असू नये. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. हाती आलेल्या पैशांतून मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे बाजूला काढले, घराचे बाजूला काढले आणि उरलेल्यातून एक चांगला फोन घ्यायचा असे कुटुंबात ठरले. तो मौजेसाठी नव्हता. वसईला त्यांची वृद्ध आई एकटी राहते. दर आठवड्याला तिच्याकडे जायचे, एकट्याने जायचे, बायकोची रजा न मोडता आणि मुलीचा हात न धरता जायचे, हा त्यांचा हट्ट होता. बँकेतून आलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये, हा दुसरा.

मला इंग्रजी माहितीपत्रके वाचून दाखवण्यासाठी बोलावले गेले. ऑक्टोबरचा आरंभ होता, दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर होती. निवड दोहोंवर आली होती. एक सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५, जानेवारी २०२५ मध्ये आलेला, येताना किंमत ८०,९९९ रुपये. दुसरा ॲपलचा आयफोन १७, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला, किंमत ८२,९०० रुपये. दोहोंची साठवण २५६ जीबी. जानेवारीतला फोन दिवाळीपर्यंत दुकानांतून स्वस्त झाला होता, नवा अर्थातच नव्हता. याहून वरच्या दर्जाचेही फोन होते. एस२५ अल्ट्रा येताना १,२९,९९९ चा होता आणि आयफोन १७ प्रो १,३४,९०० चा. या प्रोमध्ये प्रकाशकिरणांनी अंतर मोजणारे यंत्र असते. त्याच्या जोरावर तो समोर दार किती पावलांवर आहे, माणूस किती जवळ आला आहे, हे बोलून सांगू शकतो. मी हे मोठ्या कौतुकाने वाचले. स्टोअरवाले म्हणाले, "दार माझी काठी सांगते. काठीची किंमत विचारा." तो विषय तिथेच मिटला.

किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे ८२,९०० मधले साडेबारा हजारांहून अधिक सरकारचे. श्रवणयंत्रावर हा कर नाही. जो फोन डोळ्यांच्या जागी चालणार तो मात्र कराच्या दृष्टीने इतरांच्या फोनसारखाच फोन. कोणता ग्राहक कशासाठी घेतो हे गल्ल्यावर कसे ओळखायचे, ही अडचण मला समजते. तरी नोंदवून ठेवतो.

माहितीपत्रकात चाळीसएक मुद्दे होते. मी एकेक वाचीत गेलो आणि भांडारपालाच्या जुन्या सवयीने ते प्रत्येकावर एकच प्रश्न विचारीत गेले, "हा माल आपल्याला कुठे लागतो?" चित्रफितीचा दर्जा गेला. खेळांसाठीचा वेग गेला. स्वतःचे छायाचित्र काढण्याचा कॅमेरा तर हसत हसत गेला. पाण्यापासून संरक्षण राहिले, कारण पालघर जिल्ह्याचा पाऊस. त्यात दोघे सारखेच निघाले. बॅटरीबाबत एक कंपनी २९ तास चित्रफीत चालते म्हणते, दुसरी ३० तास. तो तास सोडून दिला. वजन १६२ ग्रॅम आणि १७७ ग्रॅम. हातात काठी धरणाऱ्याला दुसऱ्या हातातला प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो, म्हणून ते कागदावर राहिले. चाळिसांतून सहा-सात मुद्दे उरले. आपण सारे फोन घेताना ही चाळणी लावू लागलो, तर माहितीपत्रके पोस्टकार्डावर मावतील.

यापुढची गोष्ट समजण्यासाठी फोन बोलतो कसा हे थोडे सांगितले पाहिजे. २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये 'व्हॉइसओव्हर' नावाची सोय आली. बोट काचेवर फिरवावे, बोटाखाली जे येईल ते फोन उच्चारतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारावी. गुळगुळीत काच ही अंधांच्या दृष्टीने बंद भिंतच होती. तिला या सोयीने दार पाडले. त्याच वर्षी अँड्रॉइडवर 'टॉकबॅक' आले. या दुसऱ्या बाजूला एक मराठी मातीशी जोडलेले नाव आहे. टी. व्ही. रमण यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित घेऊन ते पदवीधर झाले, पवईच्या आयआयटीत शिकले, कॉर्नेल विद्यापीठात गणिती मजकूर कानांनी वाचता यावा यावर १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे गूगलमध्ये अँड्रॉइड डोळ्यांविना वापरता यावा यासाठी काम केले. मी हे सांगितले तेव्हा स्टोअरवाले बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "चौदाव्या वर्षी?" आणि पुन्हा गप्प झाले.

दुकानात गेलो तेव्हा विक्रेता मुलगा अगत्यशील होता. त्याने मेगापिक्सेलचा पाढा म्हणायला सुरुवात केली. स्टोअरवाल्यांनी त्याला नम्रपणे थांबवून सांगितले, की पडदा बंद ठेवून फोन बोलता करून दाखवा. मुलगा गोंधळला. त्याला ही सोय ठाऊकच नव्हती, आणि त्याला दोष देता येत नाही. त्या काउंटरवर तशी मागणी कोणी केलीच नसेल. अखेर मुलीने ती सुरू केली. सोय एकदा ठरवून ठेवली, की आयफोनला कडेचे बटण तीनदा दाबायचे. गॅलेक्सीला आवाजाची दोन्ही बटणे एकत्र तीनएक सेकंद धरायची. मग दुकानातल्या गर्दीत दोन फोन मराठीत बोलू लागले. दोन मिनिटांत पाच-सहा गिऱ्हाईके भोवती जमली.

मराठीचे येथे थोडे सांगतो, कारण आपल्या वाचकांना तेच महत्त्वाचे वाटेल. अँड्रॉइडचे फोन बराच काळ मराठीतून वापरता येत होते. आयफोनच्या सूचना आणि याद्या मराठीत करून घेण्याची सोय २०२५ च्या वसंतात, आयओएस १८.४ पासून आली. त्या एका फेरीत आणखी नऊ भाषा आल्या, त्यांत गुजराती, कन्नड, तमिळही होत्या. म्हणजे आम्ही दुकानात उभे होतो तेव्हा ही गोष्ट अवघी सहा-सात महिन्यांची होती. उच्चार दोघांचेही समजण्यासारखे. 'ज्ञ' आणि 'ळ' ऐकण्यासाठी मी मुद्दाम काही शब्द टाइप करून घेतले. दोघेही उत्तीर्ण झाले. आपल्यातली किती माणसे त्या परीक्षेत उत्तीर्ण होतील, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

बोईसरला जुळवून घ्यायला मात्र मराठी पुरत नाही. औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, बँकेच्या निरोपात इंग्रजी आणि हिंदी, शेजाऱ्याच्या लग्नपत्रिकेवर गुजराती, स्टेशनवर मराठी, हिंदी, इंग्रजी. छापील मजकुरावर कॅमेरा धरून वाचून घेण्यासाठी गूगलची लेन्स ही सोय दोन्ही फोनांवर मिळते. तसेच, मराठीत प्रश्न विचारून समोरच्या दृश्याबद्दल मराठीतच उत्तर ऐकायचे, हेही जेमिनी लाइव्हवर दोन्हीकडे जमते. त्यात मराठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली आणि कॅमेऱ्यातले दृश्य दाखवण्याची सोय मे २०२५ मध्ये सर्वांना मोफत झाली. नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 'मणी' आहे. १ जानेवारी २०२० रोजी ते निघाले, फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि तेही दोन्हीकडे. २०१६ नंतरच्या नव्या नोटा बोटांनी ओळखणे अंधांना किती जड गेले हे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना याची किंमत कळेल. शिवाय 'बी माय आइज' आहे. हान्स यॉर्गन वीबर्ग या दृष्टी अधू असलेल्या डॅनिश गृहस्थांनी ते २०१५ मध्ये सुरू केले; जगाच्या पाठीवरचा कोणी स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून पाहतो आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख तुम्हाला वाचून दाखवतो. कोणी तरी अनोळखी माणूस आपली पाच मिनिटे दुसऱ्याच्या दुधासाठी देतो, या एका गोष्टीवर मी वेगळा लेख लिहू शकेन, आज नको.

इथे विचार करता करता एक अवघड गोष्ट ध्यानात आली. ही सारी उपयोगी साधने दोन्ही फोनांवर होती, आणि ती वीस हजारांच्या फोनवरही होती. मग ऐंशी हजार कशाचे? मुलीने शेजाऱ्याचा एक स्वस्त फोन आणून टॉकबॅक चालवून दाखवले, तेव्हा उत्तर मिळाले. बोट ठेवल्यापासून शब्द ऐकू येईपर्यंत किंचित खंड पडत होता. डोळसाला तो जाणवणारही नाही. परंतु जो प्रत्येक पाऊल आवाजाने टाकतो, त्याच्यासाठी तो खंड म्हणजे प्रत्येक पायरीवर थबकणे. महाग फोन या बाबतीत चपळ होते. कमी उजेडात त्यांचे कॅमेरे अधिक स्वच्छ पाहत होते, आणि ते अधिक वर्षे चालणार होते. सॅमसंगने एस२५ ला सात वर्षे नवी प्रणाली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले आहे, म्हणजे २०३२ सालच्या आरंभापर्यंत. ॲपल असा आकडा आपल्याकडे मिरवत नाही, पण मागचा अनुभव तेवढाच आहे. २०१८ चा आयफोन एक्सएस २०२४ च्या प्रणालीपर्यंत चालला आणि २०२५ च्या प्रणालीने त्याला निरोप दिला. वर्षाला भागून पाहिले, तर ऐंशी हजारांचे अकरा-बारा हजार होतात. वीस हजारांचा फोन दोन-तीन वर्षांत बदलावा लागला, तर हिशेब फारसा वेगळा पडत नाही. भांडारपालांना हा हिशेब पटला. मला तो पटायला एक रात्र लागली.

आता फरकाचे दोन मुद्दे उरले, आणि खरा पेच त्यांतच होता.

पहिला कुलूप उघडण्याचा. आयफोन १७ चेहरा ओळखून उघडतो. अंधारातही ओळखतो आणि डोळे पडद्याकडे लागलेच पाहिजेत ही अट काढून टाकता येते. गॅलेक्सीत अंगठ्याचा ठसा ओळखणारे यंत्र काचेच्या आत आहे. तेथे काचेला ना खळगा, ना उंचवटा. डोळसाला पडद्यावर खूण दिसते. स्टोअरवाल्यांनी डोळे मिटून दहादा प्रयत्न केला. चारदा जागा चुकली. बँकेचे व्यवहार याच कुलपामागे असतात, म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नव्हता.

दुसरा मुद्दा दूरचे पाहण्याचा. एस२५ च्या पाठीवर तीन भिंगे आहेत, त्यांतले एक दूरचे दृश्य तिप्पट जवळ आणणारे. आयफोन १७ ला दोन भिंगे. मुख्य भिंगातलाच मधला भाग घेऊन तो दुप्पट जवळचे दृश्य देतो. स्टोअरवाल्यांनी दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन्ही फोन रस्त्यापलीकडच्या रिक्षांवर धरले. गॅलेक्सीत 'एमएच ४८' च्या पुढचे चारही आकडे त्यांनी वाचले. आयफोनमध्येही वाचले, पण थांबून.

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. आमच्या ओळखीतल्या एका तरुण अभियंत्याकडे आधीच्या वर्षीचा एस२४ होता. त्यातही तिपटीचे भिंग आहे. त्याला घेऊन आम्ही संध्याकाळी साडेसहाला बोईसर स्टेशनवर गेलो. उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून येऊ लागल्या, तरी विरारच्या पलीकडे त्या मोजक्याच. एक चुकली की फलाटावरचा बाक आपला. त्या वेळी फलाटावर लांब पल्ल्याची गाडी, लोकल, मेमू यांची गर्दी असते आणि उद्घोषणा एकमेकींवर आदळतात. म्हणून इंडिकेटर वाचता येणे हाच स्वतंत्रपणे प्रवास करण्याचा परवाना. दिव्यांच्या अक्षरांची एक गंमत आहे. ती क्षणाक्षणाला विझत-पेटत असतात, आपल्या डोळ्याला कळत नाही. छायाचित्र काढले की अर्धी अक्षरे गळालेली दिसतात. पहिल्या छायाचित्रात विरारचा 'वि' नाहीसा झाला. मग छायाचित्र न काढता केवळ मोठे करून पाहिले. अक्षरे थरथरली, पण वाचता आली. त्या सुरळीएवढ्या खिडकीत स्टोअरवाल्यांनी गाडी, वेळ आणि डबे वाचले आणि फलाटावर एकदम मोठ्याने म्हणाले, "बारा डबे!" दोन माणसांनी वळून पाहिले.

त्या रात्री घरात वाद झाला. मी हजर होतो. गेलो असतो तर बरे, असे मध्येच वाटून गेले. मुलीचे म्हणणे सरळ होते. ती रुग्णालयात काम शिकते, काचबिंदूची पुढची पायरी तिने पाहिलेली आहे. "पप्पा, ते भिंग आजच्या डोळ्यांसाठी आहे. सात वर्षं चालणारा फोन घेताय, तर पाचव्या वर्षाचा विचार करा. चेहऱ्यानं उघडणारा घ्या." आईने तिला गप्प बसवण्यासाठी डोळे वटारले. वडिलांना ते वटारणे दिसले नाही, आणि सगळ्यांना ते दिसले नाही हे दिसले.

फोन निवडणे कधीचेच संपले होते. प्रश्न असा होता, की उरलेली दृष्टी गृहीत धरायची की गेलेली. डॉक्टरांनी थेंब नियमित घातले तर आहे ते टिकेल अशी आशा दिली होती, हमी दिली नव्हती. तिपटीचे भिंग घेणे म्हणजे त्या आशेवर पैसे लावणे. दुसरा फोन घेणे म्हणजे अंधार येणार हे घरातल्या चौघांदेखत मान्य करून, त्याची पावती घेणे. मुलीचा मुद्दा तर्काला धरून होता, हे मला कबूल करावे लागले. तरी फलाटावरचा तो आवाज माझ्या कानातून जात नव्हता. मी मत दिले नाही. मागितले असते तर आयफोन सुचवला असता.

तोडगा निघाला तो तिसऱ्याकडून. लोकलने रोज पालघरला जाणारा एक तरुण बँक कर्मचारी आहे, जन्मापासून पूर्ण अंध. मुंबईला शिकत असताना सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिबाधितांसाठीच्या साधन केंद्राशी त्याचा संबंध आला. २००३ पासून चालणाऱ्या त्या केंद्राबद्दल तो घरच्यासारखे बोलतो. त्याचा फोन इतक्या वेगाने बोलतो, की मला तो कीटकाचा गुंजारव वाटला. त्याला त्यातला शब्द न् शब्द कळतो. स्टोअरवाल्यांनी त्याला दोन्ही फोनांची कैफियत ऐकवली. त्याने ठशाचा प्रश्न हसण्यावारी नेला. फोनच्या खालच्या कडेला करंगळी टेकवायची, अंगठा आपसूक योग्य जागी पडतो. आठ दिवसांत हाताला सवय होते, नाही झाली तर आकडी संकेत आहेच. आणि गाडीत बँकेचे काम करताना पडदा काळा ठेवायचा, कानात एक इअरफोन घालायचा. शेजारच्याला काही दिसत नाही. ही सोय दोन्ही फोनांत आहे. अर्थात दोन्ही फोनांना जुन्या गोल पिनेचा इअरफोन लागत नाही आणि खोक्यात चार्जरही नसतो. ऐंशी हजारांवर हे सोपस्कार वेगळे.

मग त्याने विचारले, "तुमच्या घरात, शेजारी, कोणाकडे कोणता फोन आहे?" घरात तिघांकडे अँड्रॉइड, शेजारीही तेच. "मग अडलात तर हाक कोणाला माराल?" हा मुद्दा माहितीपत्रकातल्या चाळिसांत नव्हता.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गॅलेक्सी घरी आला. मुलीनेच तो लावून दिला. तिने एक अट घातली आणि वडिलांनी ती मान्य केली. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास पडदा पूर्ण काळा ठेवून, केवळ कानांनी फोन वापरायचा. बँकेतला तरुण रविवारी येऊन शिकवतो. पहिल्या आठवड्यात भांडारपालांनी चुकून मला पहाटे सव्वापाचला चारदा फोन लावला. दुसऱ्या आठवड्यात एकदाच. बोलण्याचा वेग त्यांनी थोडा वाढवला आहे. अजून गुंजारवापर्यंत पोचलेले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी ते एकटे वसईला गेले. बायको स्टेशनपर्यंत येणार होती, तिला त्यांनी घराच्या जिन्यावरून परत पाठवले. विरारला गाडी बदलायची होती. पुलावर गर्दी फार असते, म्हणून मी उगाच घड्याळ पाहत होतो. अकराच्या सुमारास माझ्या फोनवर त्यांचा निरोप आला. बोलून लिहिलेला होता, विरामचिन्हे अर्थात नव्हती. लिहिले होते: पोचलो आई विचारते याला बटणे कुठे आहेत